आवाजाचं सोंग

माझे वडील, एउतिमिओ,
सेव्हिलजवळच्या तबलादा तळावर विमानांचे फिटर.
अडुसष्टच्या मार्चात सिनेमावाले आले
आणि आठवड्याभरात आमची मोडीत निघालेली विमानं
जर्मन झाली.

आधी निळा रंग खरवडला.
मग करडा-हिरवा फासला, पंखांवर काळे क्रॉस,
आणि शेपटीवर ते दुसरं चिन्ह,
जे काढताना रंगारी सालुस्तिआनो
दर वेळी बाजूला थुंकायचा,
पण रेघ कधी हलू दिली नाही त्याने.

सांगाडा तसा जर्मनच, इथे घडवलेला.
इंजिन मात्र इंग्रजी.
म्हणजे पडद्यावर जो पाडणार
आणि जो पडणार,
दोघांच्या छातीत एकच काळीज.
ते मावावं म्हणून नाकाखाली फुगवटा काढलेला,
त्यावरून नाव पडलं बुचोन:
मादीपुढे गळा फुगवून मिरवणारं कबूतर.

लंडनहून जाणकार आला, पेथब्रिज साहेब.
खिशात टेप, काखेत वही.
क्रॉसची पांढरी किनार अर्धा बोट जाड झालीय.
पुन्हा खरवडा.
पंखांची टोकं गोल आहेत, त्या साली चौकोनी होती.
कापा.
शेपटीखाली टेकू हवेत, लाकडी चालतील,
भार कुठे घ्यायचाय त्यांना, नुसतं दिसायचंय.
मग धुराड्यांपाशी येऊन थबकला.
ही खाली हवी होती.
वडील म्हणाले, इंजिन उलटं टांगावं लागेल, साहेब.
दुभाषी हसला.
साहेबाने वहीत काहीतरी लिहिलं, पान उलटलं.

आवाजाचं कुणीच काही विचारलं नाही.

वडील नऊ वर्षांचे होते,
तेरुएलच्या खालच्या अंगाला, एका रस्त्यावर.
गाढवावर गाद्या, गाद्यांवर कोंबड्यांची पाटी.
खरं विमान आलं तेव्हा
त्यांच्या आईने त्यांचं तोंड ओल्या गवतात दाबून धरलं.
त्यामुळे किनार किती जाड, टोकं गोल की चौकोनी,
त्यांना माहीत नाही.
त्यांनी फक्त ऐकलं:
तांब्याच्या घागरीत गांधीलमाशी कोंडावी तसं काही,
आणि मग गाढवाचं ओरडणं,
आणि मग तेही नाही.

सिनेमा आमच्या गावात दोन वर्षांनी लागला.
वडिलांनी धुतलेला सदरा घातला.
पडद्यावर ढग फाटले, बुचोन सूर मारत खाली आले,
लोक खुर्च्यांच्या कडेला सरकले.
मी पाहिलं, वडिलांचे डोळे मिटलेले.
हे ते नाही, ते मोठ्याने म्हणाले.
मागून कुणीतरी शूऽ केलं.
हे ते नाहीच, ते पुन्हा म्हणाले, जरा हळू,
आणि सगळा सिनेमा तसाच, कान देऊन, बसून काढला.

घरी येताना त्यांनी सूर्यफुलाच्या बिया घेतल्या.
सगळी सोंगं आणता येतात पोरी, म्हणाले,
आवाजाचं नाही आणता येत.
आई सांगते, त्या रात्री ते गाढ झोपले.
मला आठवतं ते वेगळं:
स्वयंपाकघरात दिवा न लावता
नळाची धार तांब्यावर सोडून उभे होते,
कितीतरी वेळ.

आता माझा नातू तेच चित्र थांबवून थांबवून बघतो.
आजी, ही बघ चूक, धुराडी वर आहेत!
बावीस सापडल्या त्याला. अजून शोधतोय.
शोध बाबा, मी म्हणते.
ती एक चूक तुझ्या पणजोबांना
दोन तास खुर्चीत बसवून गेली,
हे त्याला कसं सांगायचं, कळत नाही.

कापलेली टोकं भंगारात गेली नव्हती.
एक आमच्या परसात आहे, उताणं,
त्यात आईने लावलेला पुदिना अजून फुटतो.
चुरगळला की किंचित इंजिन तेलाचा वास येतो.
नातू म्हणतो, नाही येत.